कोंड्याच्या दोन बादल्या

टक्.

एवढाच आवाज झाला, पण घर इतकं गप्प होतं की तो मला मानेत लागला. रविवारची दुपार, अडीच वाजलेले. माझी लेक मुंगी आतल्या खोलीत पालथी झोपलेली, हा, माझा नवरा, बाहेरच्या खोलीत तोंडावर पेपर घेऊन पडलेला, आणि मी ओट्याशी उभी राहून धुतलेलेच कप परत धूत होते. वळून पाहिलं तर खिडकीतल्या तीन बरण्यांपैकी मधलीचं झाकण उडून कट्ट्यावर पालथं पडलं होतं. आतला फेस काठापर्यंत येऊन थबकला होता, उतू जायच्या आधी दूध थबकतं तसा. पहिल्या बरणीचं झाकण पाऊण तासापूर्वीच उडालं होतं. त्याचं काही नाही, ते उडणारच होतं. तिच्यात यीस्ट घातलेलं कोंबड्यांचं खाद्य होतं, आणि तिन्हींत घातलं तसं कोमट पाणी आणि दोन चमचे साखर. यीस्ट जिवंत असलं की साखर खातं, साखर खाल्ली की फसफसतं, हे पाव भाजणाऱ्या कुणालाही माहीत असतं. तिसरी बरणी गढूळ पाणी घेऊन शहाण्यासारखी बसली होती. मधलीनेही तसंच बसायला हवं होतं. मधलीत साधं खाद्य होतं. निदान पोत्यावर, वहीत, आणि गेले तीन आठवडे माझ्या डोक्यात तरी ते साधंच होतं.

हातातला कप मी पालथा ठेवला. मग सरळ केला. मग परत पालथा. चमचा एकच वापरला का मी तिन्हींना? नाही, तीन वेगळे चमचे घेतले होते, अजून मोरीत पडले आहेत. बरणी नीट धुतलेली नव्हती का? उकळत्या पाण्याने धुतली, हात भाजला, बोटावर लाल डाग आहे. खाद्यच जुनं झालं असेल, आपोआप आंबलं असेल? मग तिसरं त्याहून जुनं, ते का नाही आंबलं? बरणीत दोष निघावा म्हणून मी अशी धडपडत होते, जशी एखादी आई शेजारणीच्या पोरात दोष शोधते. मी वाकून वास घेतला. ओला, गोडसर, किंचित आंबूस, पावाच्या पिठासारखा. हा वास मला कारखान्यात यायच्या आधीपासून माहीत आहे. मागच्या वर्षी मुंगीच्या तोंडाला तो आठ दिवस येत होता.

तेव्हा तिचं पोट बिघडलं होतं, साधंच वाटलं, मुलांची पोटं बिघडतात. पहिलं औषध दिलं, उतार नाही. दुसरं दिलं, उतार नाही. पाचव्या दिवशी ती रडायची थांबली, आणि रडणं थांबल्यावर मी घाबरले. इस्पितळातल्या खाटेवर ती इतकी कमी जागा घेत होती की नर्सने चादर उचलून पाहिलं. मुलांचे डॉक्टर तपासणीचा कागद वाचता वाचता म्हणाले, "ही दोन्ही औषधं या जंतूंवर चालत नाहीत. त्यांना सवय झालीय." मी विचारलं, "पण तिने तर ती आधी कधी घेतलीच नाहीत." ते म्हणाले, "तिला नाही हो, जंतूंना सवय झालीय. त्यांनी ती कुठेतरी आधीच चाखलीत." कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिसरं औषध सुईने दिलं, ते लागू पडलं. नंतर पोट सावरायला एक फिकट तपकिरी पूड पाण्यात कालवून द्यायची होती. तेच हे यीस्ट, किंवा त्याची चुलत बहीण. "जिवंत औषध आहे, गरम पाण्यात घालू नका, मरेल," असं नर्सने बजावलं होतं. मुंगीने विचारलं होतं, "मी जिवंत औषध खाते म्हणजे ते माझ्या पोटात राहायला आलं?" मी म्हटलं, हो, पाहुणं आहे, चार दिवस राहून जाईल. तिने पोटावर हात ठेवून त्याला "या" म्हटलं होतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी मला कोंबड्यांच्या खाद्याच्या कारखान्यात काम लागलं, आणि पहिल्याच दिवशी मिक्सरशेजारच्या फळीवर मी ती दुसरी पूड पाहिली, पांढरी. डब्यावरचं नाव मला पाठ होतं. मुंगीच्या पहिल्या औषधाचं नाव. आमच्याकडे ती प्रत्येक पोत्यात चिमूटचिमूट जाते, कित्येक वर्षं जाते. पक्षी आजारी असतो म्हणून नाही, आजारी पडू नये आणि लवकर भरावा म्हणून. मी घरी येऊन कुणाला काही बोलले नाही. कारखान्यावर कोण बोलणार, तो आपल्याला पोसतो. पण मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या कारखान्याच्या पशुवैद्यांनी, जेव्हा सांगितलं की त्या पुडीऐवजी यीस्ट घालून पाहायचं आहे आणि ट्रायल सांभाळायला माणूस हवा आहे, तेव्हा माझा हात माझ्याआधी वर गेला. "सहा महिन्यांचा करार आहे," ते म्हणाले. "ट्रायल नीट झाली तर पुढचं बघू. आणि हे बघा, पक्ष्यांना रविवार नसतो, आजारपण नसतं, शाळेतले कार्यक्रम नसतात." मी म्हटलं, "मी कामात घर आणत नाही, सर." असं वाक्य कुणी आपल्याला म्हणायला लावत नाही, आपणच आपल्या गळ्यात बांधून घेतो.

दोन शेड. डाव्यात दोनशे पक्षी, उजव्यात दोनशे, एकाच दिवशी अंड्यातून निघालेले, एकाच उंचीचे दिवे, एकच पाणी. दोन्हींच्या खाद्यातून पांढरी पूड बंद. उजवीकडे खाद्यात यीस्ट, डावीकडे काही नाही, फक्त साधं. बेचाळीस दिवस पाळायचे, दर आठवड्याला वजन, आणि शेवटी फरक पाहायचा. इतकी सोपी गोष्ट आहे की शेडवरच्या मावशींनाही मी पहिल्या दिवशी समजावली आणि त्यांनी ती मला उलटी जास्त चांगली समजावली. मी पोटातले चांगले जंतू, वाईट जंतू, जागेची चढाओढ असं काहीबाही सांगत होते. मावशी म्हणाल्या, "म्हणजे बसमधल्या बाकासारखं. आधी बसलेल्या बाया सरकल्या नाहीत की मागून आलेल्या भवानीला उभंच राहावं लागतं. कंटाळून उतरते पुढच्या स्टॉपला." मावशी पक्ष्यांना पोरी म्हणतात. डाव्या पोरी, उजव्या पोरी. "तुमच्या उजव्या पोरी माजल्यात बघा," त्या दुसऱ्याच आठवड्यात म्हणाल्या, आणि खरंच होतं. एकविसाव्या दिवशी उजवीकडचा पक्षी सरासरी बेचाळीस ग्रॅमनी पुढे होता, खाली पसरलेलं भाताचं तूस कोरडं होतं, म्हणजे पोटं ठीक होती, हातात घेतलं तर झरझर गळून पडत होतं. डावीकडचं तूस ओलं, ढेपाळलेलं, डोळ्यांत झोंबणारं. मी वहीत आकडे लिहिताना हसत असेन, कारण मावशींनी विचारलं, "काय बाई, निकाल लागला का? पहिला नंबर?"

आणि मग डाव्या पोरींनी गाठलं. पुढच्या तीन आठवड्यांत हळूहळू, मुकाट्याने. बेचाळिसाव्या दिवशी फरक उरला सात ग्रॅमचा. सात ग्रॅम म्हणजे काहीच नाही, पक्षी वजनाआधी पाणी प्यायला की तेवढं होतं. शुक्रवारी अहवालातलं वाक्य मीच टाइप केलं, माझ्या या बोटांनी: दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. मोठे डॉक्टर मागे उभे राहून वाचत होते. "पहिल्या जोमावर जाऊ नये," ते म्हणाले. "शेवटी सारखंच." आवाजात राग नव्हता, उलट थोडी दमणूक होती, यीस्ट लागू पडायला त्यांनाही हवं होतं. सोमवारी दहाला वरचे लोक बसणार, अहवाल वाचणार, आणि पांढरी पूड परत सगळ्या पोत्यांत जाणार. ते आता ठरल्यातच जमा होतं. संध्याकाळी सामान आवरताना प्रत्येक मिश्रणातून काढून ठेवलेल्या नमुन्यांची पाकिटं फ्रिजमध्ये दिसली, आणि त्यातली तीन मी डब्याच्या पिशवीत टाकून घरी आणली. का आणली? हरलेला माणूस डाव मोडल्यावर परत पत्ते उलटून बघतो, तसं. उजवीकडचं खाद्य, डावीकडचं शेवटच्या तीन आठवड्यांचं, डावीकडचं पहिल्या तीन आठवड्यांचं. पहिली, मधली, तिसरी.

मी ओट्याला टेकले. डाव्या पोरींनी गाठलं ते बाविसाव्या दिवसापासून. बाविसाव्या दिवशी खाद्य बदलतं, लहान पिल्लांचं बंद होऊन मोठ्यांचं सुरू होतं, म्हणून एकविसाव्या दिवशी दुपारी नवं मिश्रण झालं होतं. ते मीच करून घेतलं होतं. आणि त्या दिवशी मुंगीच्या शाळेतून फोन आला होता.

मिश्रणाची एक रीत आहे. यीस्ट इतकं थोडं असतं की ते थेट मोठ्या मिक्सरमध्ये टाकलं तर एका पोत्यात जाईल आणि नऊ पोत्यांत जाणार नाही. म्हणून आधी ते एका बादलीभर कोंड्यात हाताने कालवायचं आणि मग तो कोंडा मिक्सरमध्ये सोडायचा. साध्या खाद्यालाही तेवढाच बादलीभर कोंडा द्यायचा, रिकामा, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की फरक कोंड्याने पडला. अशा दोन बादल्या. एकीत यीस्ट, एकीत नुसता कोंडा, दोन्ही सारख्याच वेळ कालवायच्या, झाकण लावायचं, यीस्टवालीला निळी दोरी बांधायची, साधीला पांढरी. कालवल्यावर कोंडा कोंड्यासारखाच दिसतो. तपकिरीत तपकिरी. म्हणून तर दोरी.

मला सगळं आठवतं. टेबलाचा खडबडीत कोपरा, पंख्याचा आवाज, पातळ मोजे घातलेल्या हातांवर बसलेला कोंडा. यीस्ट तोलून पहिल्या बादलीत घातलं, कोपरापर्यंत हात घालून कालवलं. फोन वाजला. कोंड्याच्या हातांनी तो घेता येईना, मोजा दाताने ओढला, जिभेवर कोंडा. बाई म्हणाल्या, "हिचं अंग तापलंय, डोळे उघडत नाहीये, लवकर येता का?" डोळे उघडत नाहीये. ताप हा शब्द नाही, तेवढंच ऐकू आलं मला. इस्पितळातली खाट, नर्सने उचललेली चादर. मी मोठ्या डॉक्टरांच्या दारापर्यंत धावले. ते म्हणाले, "जा. पण हातातलं संपवून जा, मिक्सर थांबलाय." मी परत आले. टेबलावर एक बादली झाकलेली, एक उघडी. उघडी म्हणजे यीस्ट घालायची राहिलेली. मी यीस्ट तोललं, उघडीत घातलं, कालवलं, झाकलं, निळी बांधली. झाकलेलीला पांढरी. पोरगी वाचली पाहिजे, पोरगी वाचली पाहिजे, असं त्या कालवण्याच्या तालावर मनात चाललं होतं. मग धावले.

आणि झाकलेली कुणी झाकली होती? फोन घेताना झाकण मी लावलं का? यीस्टला दमट हवा लागू नये म्हणून जिच्यात यीस्ट आहे ती बादली मी लगेच झाकते, ही माझी सवय आहे. सवयीने केलेली गोष्ट आठवत नाही, तिला सवय म्हणतात ती त्यासाठीच. सगळं आठवतं, तेवढंच आठवत नाही. मी डोळे मिटून उजवा हात हवेत हलवून पाहिला, झाकण दाबल्यासारखा. हाताला काहीच आठवलं नाही. हात नुसता ओला होता.

पण दुसरं काहीतरी आठवलं. यीस्टचा डबा. तो ट्रायल संपेपर्यंत पुरायला हवा होता आणि यीस्ट ताजं राहावं म्हणून उजवीकडे शेवटी ठरल्याप्रमाणे परत केलेल्या मिश्रणाला अर्धं माप कमी पडलं होतं. मी तेव्हा मावशींजवळ चिडचिड केली होती, "विकणारे बघा कसे, मापात पाप करतात." मावशी म्हणाल्या होत्या, "मापात पाप नेहमी दुसऱ्याचंच असतं, नाही का?" आणि आम्ही दोघी हसलो होतो. दुसरा डबा फोडला, काम भागलं, विषय संपला. हसलो होतो. मी त्या दिवशी डोकं मागे टाकून हसले होते.

मी मावशींना फोन लावला. कोंबड्यांना रविवार नसतो, म्हणून त्यांनाही नसतो. मागून कलकलाट ऐकू येत होता.

"मावशी, एक सांगा. डावीकडचं तूस कधीपासून सुकायला लागलं?"

"आता विचारता होय? तेव्हा मी घसा फोडून सांगत होते. नवी पोती आली नि चार दिवसांत. म्हटलं नव्हतं तुम्हाला, बाई, तुमच्या साध्या पोरी एकाएकी शहाण्या झाल्या म्हणून? तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणाले?"

"म्हणालात, मावशी, आकडे बोलतात, तूस बोलत नाही." त्या खो खो हसल्या. मग एकदम थांबल्या. "का हो? झालं काय? आवाज असा का येतोय?"

"काही नाही. सर्दी."

"सर्दीला असा आवाज नसतो," मावशी म्हणाल्या. "बरं, नका सांगू. पण जेवलात का? नसाल तर आधी जेवा. उपाशीपोटी माणूस वाईट ठरवतं."

फोन ठेवला तेव्हा हा दारात उभा होता, गालावर पेपरची शाई. याला आवाजाने जाग येत नाही, गप्प बसण्याने येते. त्याने बरण्या पाहिल्या, मला पाहिलं. "दारू गाळतेयस की काय?" मी सांगितलं. एका दमात, बादल्या, झाकण, डबा, तूस. तो ओट्यावर चढून बसला, त्याने पाय हलवले. छापखान्यात मशीन बिघडलं की तो असाच आधी नुसता बघत बसतो.

"म्हणजे दोन्हीकडे यीस्ट गेलं."

"हो."

"म्हणून दोन्हीकडच्या कोंबड्या सारख्या."

"हो."

"मग कोंबड्यांचं तर भलंच झालं की. तक्रार कोण करतंय?" मी हसले नाही. त्याने पाय हलवणं थांबवलं. "कुणाला माहितीये?"

"तुला."

"मग झालं. हे बघ, महिनाअखेरीला तुझी सही होऊ दे. कायम झालीस की मग सांग, अमुक एक शंका आली म्हणून. परत करतील ट्रायल."

"उद्या दहाला ठरवणार आहेत रे. उद्या ठरलं की पुढची दहा वर्षं ती पूड प्रत्येक पोत्यात जाणार. यीस्ट करून बघितलं, फरक पडत नाही, असं म्हणून जाणार. माझ्या वाक्याच्या आधाराने."

"तुझ्या एकटीच्या वाक्याने जग चालत नाही."

"ते वाक्य मी टाइप केलंय."

"आणि आत्ता सांगितलंस तर काय म्हणतील? बाई पोरीसाठी धावली नि काम वाऱ्यावर सोडलं. पुढच्या वेळी लेकुरवाळी बाई घेणार का कुणी तिथे? तुझंच नाही, दुसरीचंही जाईल." हे त्याने माझ्या भल्यासाठी म्हटलं, आणि खरं होतं, आणि म्हणूनच मला त्याच्या अंगावर कप फेकावासा वाटला. त्या दिवशी शाळेने आधी त्याला फोन केला होता. त्याने तो घेतला नव्हता. मशीन चालू होतं, ऐकू आलं नाही, हेही खरंच. मी हे आजवर एकदाही बोलले नाही. आत्ताही जिभेच्या टोकावर आलं आणि मी ते कोंड्यासारखं गिळलं. तोही बहुधा तेच गिळत होता, कारण तो खाली बघत म्हणाला, "मी गेलो असतो तर..." आणि वाक्य तसंच ओट्यावर ठेवून उतरला. दारात थांबून म्हणाला, "तू सांगणारच आहेस. मला कशाला विचारतेस मग?"

मला स्वतःला ते माहीत नव्हतं. मी मोठ्या डॉक्टरांचा नंबर काढून ठेवला होता एवढंच, आणि फोनचा पडदा विझला की अंगठ्याने परत उजळत होते. विझला, उजळला. न सांगण्याची एक अख्खी शक्यता माझ्यासमोर नीट घडी घालून ठेवलेली होती. बरण्या मोरीत ओतायच्या. पाकिटं फेकायची. उद्या नवाला जायचं, अहवालाच्या प्रती वाटायच्या. कुणाचं काय जाणार होतं? मला कुठेतरी, न पाहिलेल्या एखाद्या घरात, पाचव्या दिवशी रडायचं थांबलेलं एक मूल दिसलं, आणि मला त्याचा राग आला. खरंच आला. माझं मूल तर बरं आहे ना, आतल्या खोलीत पालथं झोपलंय, तुझं तुझ्या आईने बघावं. आणि हा विचार मनात पुरता उमटायच्या आत अंगठा दाबला गेला.

"बोला," मोठे डॉक्टर म्हणाले. मागे कुठेतरी भांडी वाजत होती, त्यांचंही घर होतं.

मी सांगितलं. मघाशी याला सांगितलं तसं एका दमात नाही जमलं. प्रत्येक वाक्य पायरीसारखं, पाय ठेवून पाहूनच पुढे.

"बरण्या," ते म्हणाले. "तुम्ही मला घरातल्या बरण्यांवरून सांगताय?"

"बरण्यांवरून शंका आली, सर. डबा कमी पडला होता, त्याची नोंद आहे. डावीकडचं तूस नव्या पोत्यांपासून सुकलं, ते मावशींनी तेव्हाच सांगितलं होतं. प्रत्येक मिश्रणाची आणखी पाकिटं कारखान्याच्या फ्रिजमध्ये आहेत, उद्या सकाळी लॅबमध्ये लावली तर दोन दिवसांत आकडा मिळेल."

"तुम्हाला कळतंय ना, बेचाळीस दिवसांचं काम पाण्यात गेलं."

"पहिले एकवीस नाही गेले, सर. पहिल्या एकवीस दिवसांत फरक खरा होता."

"ते मला शिकवू नका." पण आवाज मघाचा राहिला नव्हता, ते मनातल्या मनात बेचाळीस ग्रॅमपाशी परत गेले होते, मला कळत होतं. आणि मला वाटलं, आता ते फोन ठेवतील, आता संपलं. "पण एक सांगा," ते म्हणाले. "तुम्ही चुकणाऱ्या नाही. मी बघतो रोज. त्या दिवशी झालं काय?"

हा प्रश्न सोडून मी सगळ्यांची तयारी केली होती. पंखा बंद होता म्हणावं, दिवे गेले होते म्हणावं, मिक्सरवाला घाई करत होता म्हणावं. सगळी उत्तरं हाताशी होती, कोंड्याच्या बादल्यांसारखी एकासारखी एक. मी खिडकीच्या गजाला धरलं.

"मुलीला ताप होता, सर. शाळेतून फोन आला. मला घाई झाली. मला वाटलं... मागच्या वर्षीसारखं झालं. मी बादली न बघता घातलं. तिच्याकडे जायचं म्हणून."

"हं."

"मी म्हटलं होतं, कामात घर आणत नाही म्हणून."

"म्हटलं होतं खरं," ते म्हणाले. त्यात टोमणा होता की नुसतीच नोंद, ते समजलं नाही. "हे सगळं लिहून द्या. आत्ता मला सांगितलंत तसंच, त्या फोनसकट. सकाळी नऊला माझ्या टेबलावर पाहिजे. दहाची बैठक मी पुढे ढकलतो."

"आणि मी, सर?"

"तुमचं मी काय सांगू? ते वाचून वरचे ठरवतील. मी खोटं सांगणार नाही तुम्हाला, त्यांना ताप कळणार नाही, बादली कळेल." भांड्यांचा आवाज थांबला होता. "मुलगी बरी आहे ना आता?"

"बरी आहे. साधाच ताप होता. दुसऱ्या दिवशी उतरला."

"साधाच होता," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

साधाच होता. मी गज सोडला तर बोटांवर रंगाचे पोपडे निघून आले होते. मी तिथेच फरशीवर बसले. हलकं वाटेल असं वाटलं होतं. खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. तसं काही वाटलं नाही. उद्या नऊला द्यायच्या कागदात काय लिहायचं त्याची वाक्यं आपोआप जुळायला लागली होती, आणि प्रत्येक वाक्यात कुठून तरी ताप शिरत होता.

दाराच्या चौकटीला टेकून मुंगी उभी होती. झोपेचे केस गालाला चिकटलेले, उशीच्या अभ्र्याची घडी कपाळावर उमटलेली, एका पायाने दुसऱ्या पायाची पोटरी खाजवत. कधीपासून उभी होती देव जाणे. तिने माझ्याकडे बघितलं, मी फरशीवर का बसलेय याचं तिला काहीच वाटलेलं दिसलं नाही. ती येऊन माझ्या मांडीत बसली, जड, उबदार, झोपेच्या घामाने ओलसर, आणि माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र बोटाभोवती गुंडाळू लागली.

"तुला ओरडले?"

"नाही गं."

"तू म्हणालीस चूक झाली."

"हो. माझी झाली."

"माझ्या तापाच्या दिवशी?"

"हो."

ती विचार करत होती. विचार करताना तिचं तोंड थोडं उघडं राहतं, आणि मला तिच्या खालच्या दातांमधली नवी फट दिसते. गुंडाळलेलं मंगळसूत्र तिने सोडलं, परत गुंडाळलं.

"मी बाईंना सांगितलं होतं, आई येईल," ती म्हणाली. "आणि तू आलीस."

"आले की."

"आई," ती म्हणाली, आणि मान वर करून माझ्या डोळ्यांत बघत राहिली, रागाने नाही, रडवेलीही नाही, नुसती माहिती करून घ्यायची म्हणून, "मग पुढच्या वेळी मी त्यांना काय सांगू?"